फौजदार क्लूझो यांचे पुनरागमन

'पिंक पँथर' हे नाव कानी पडताच लांब हातापायांचा, सावकाश पावले टाकणारा तो गुलाबी बिबळ्या ज्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, त्यांना हे नाव मुळात एका हिऱ्याचे आहे असे सांगितले तर थोडे नवल वाटेल. लुगाश नामक एका कल्पित पौर्वात्य राज्याचे हे राजरत्न. त्याच्या गाभ्यात एक सूक्ष्म दोष असून तो प्रकाशात निरखून पाहिला असता झेप घेणाऱ्या गुलाबी बिबळ्याची आकृती दिसते. एवढ्याशा आधारावर ब्लेक एडवर्ड्स या अमेरिकन दिग्दर्शकाने १९६३ साली जो विनोदी चित्रपट रचला, त्याच्या श्रेयनामावलीपुरता फ्रिझ फ्रेलेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चित्रित प्राणी निर्माण केला, हेन्री मॅन्सिनी यांनी त्याच्या चालीला शोभेलशी सॅक्सोफोनची धून बांधली, आणि पाहता पाहता त्या प्राण्याने हिऱ्याचे नावच बळकावले.

बळकावण्याचा हा प्रकार त्या चित्रपटात एकट्या बिबळ्याने केला असे मात्र नाही. त्या कथेचा नायक होता चोर. सर चार्ल्स लिटन हा खानदानी, रसिक, उंची वस्त्रे परिधान करणारा इंग्रज गृहस्थ 'फँटम' या टोपणनावाने युरोपातील धनिकांची रत्ने लांबवतो. ही भूमिका डेव्हिड निव्हन यांच्याकडे होती आणि सारा डौल त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता. त्याच्या मागावर असलेला झाक क्लूझो हा फ्रेंच पोलीस इन्स्पेक्टर, ज्याला आपल्याकडील जुन्या सरकारी भाषेत फौजदार म्हणता येईल, तो या मांडणीत दुय्यम. त्या कामासाठी ठरलेले पीटर उस्तिनोव्ह चित्रीकरणाच्या तोंडावर बाजूला झाले आणि त्यांच्या जागी पीटर सेलर्स या इंग्रज नटाला घाईघाईने पाचारण करण्यात आले. सेलर्स यांनी त्या दुय्यम पात्राला असा काही प्राण दिला की निव्हन यांचा चोर हिरा लांबवण्याच्या खटपटीत असताना हा फौजदार अख्खा चित्रपट घेऊन गेला. शेवटी भर न्यायालयात रुमालाबरोबर हिरा क्लूझोच्याच खिशातून बाहेर पडतो आणि फँटम म्हणून त्याचीच रवानगी तुरुंगात होते.

तुरुंगात गेलेला हा मनुष्य पुढच्याच चित्रपटात पुन्हा सरकारी नोकरीवर कसा रुजू झाला, याचा खुलासा कोणी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही. १९६४ च्या 'अ शॉट इन द डार्क'मध्ये हिराही नाही आणि चोरही नाही. मार्सेल आशार यांच्या एका फ्रेंच नाटकाच्या इंग्रजी रूपांतरात मुळात नसलेला क्लूझो घुसवून एडवर्ड्स आणि विल्यम पीटर ब्लॅटी यांनी ती पटकथा तयार केली. (पुढे 'एक्झॉर्सिस्ट' लिहून जगाची झोप उडवणारे ब्लॅटी ते हेच.) या चित्रपटाने क्लूझोला दोन कायमचे सोबती दिले. एक त्याचा वरिष्ठ अधिकारी ड्रेफस, ज्याची बुद्धी शाबूत असल्यामुळेच जो वेडाच्या मार्गाला लागतो, आणि दुसरा घरगडी केटो, ज्याला धन्याची सावधानता कायम राहावी म्हणून वेळी-अवेळी धन्यावरच दबा धरून हल्ला करण्याचा हुकूम आहे. हे द्वंद्व ऐन रंगात असताना टेलिफोन वाजला, तर हाच केटो अदबीने तो उचलतो.

यानंतर नट आणि दिग्दर्शक यांच्यात बिनसले. मध्ये १९६८ साली 'द पार्टी'साठी ते एकत्र आले खरे. त्यात सेलर्स यांनी तोंडाला रंग फासून हृन्दी बक्षी नावाचा भारतीय नट रंगवला, आणि त्यातील कारागिरीचे कौतुक करतानाही आपल्याला आज थोडे अवघडल्यासारखे होते. त्याच वर्षी निर्मात्यांनी या दोघांनाही वगळून, अ‍ॅलन आर्किन यांना घेऊन क्लूझोचा एक स्वतंत्र चित्रपट काढला. आर्किन गुणी नट, पण लोकांनी हा क्लूझो स्वीकारला नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी दोघांच्याही कारकिर्दीला ओहोटी लागली होती, आणि ज्या फौजदारापासून त्यांनी फारकत घेतली होती त्याच्याच दाराशी गरजेने त्यांना परत आणले. ब्रिटिश निर्माते ल्यू ग्रेड यांनी द्रव्यबळ उभे केले आणि १९७५ साली 'द रिटर्न ऑफ द पिंक पँथर' पडद्यावर आला. परत आला तो हिरा, परत आला तो नट, आणि परत आली ती चोराची कथाही. एका शीर्षकात तिन्हींची सोय झाली.

आरंभीच लुगाशच्या संग्रहालयातून हिरा चोरीस जातो. ही चोरी एडवर्ड्स यांनी विनोदाचा लवलेश येऊ न देता, संथपणे, श्वास रोखून पाहावी अशी चित्रित केली आहे. घटनास्थळी सापडतो सोनेरी 'पी' अक्षर असलेला एक पांढरा हातमोजा, म्हणजे फँटमची निशाणी. लुगाशचे सरकार हिऱ्याच्या तपासासाठी क्लूझोचीच मागणी करते, कारण त्यांच्या दप्तरी पूर्वी हा मुद्देमाल परत मिळवून देणारा अधिकारी म्हणून त्याचीच नोंद आहे. पहिल्या चित्रपटात फँटम म्हणून शिक्षा झालेला मनुष्य आता फँटमला पकडण्यासाठी नेमला जातो, ही विसंगती एडवर्ड्स यांनी खुशाल तशीच राहू दिली आहे, आणि पोलीस खात्याच्या कारभाराचा ज्यांना थोडाबहुत अनुभव आहे त्यांना ती फारशी खटकणारही नाही.

त्या वेळी क्लूझो कोठे असतो? ड्रेफसने त्याला गणवेशातील साध्या शिपायाच्या कामावर उतरवले आहे आणि तो पॅरिसच्या रस्त्यावर गस्त घालतो आहे. एका बँकेच्या दारापाशी एक आंधळा अकॉर्डियनवादक सोबत माकड घेऊन बसला आहे. क्लूझो त्याला हटकतो: वाजवण्याचा परवाना आहे काय? असल्यास तो वाजवणाऱ्याचा की माकडाचा? पैसे माकड गोळा करते, तेव्हा धंदा नेमका कोणाचा? हा कायदेशीर ऊहापोह मोठ्या निष्ठेने चाललेला असताना त्याच्या पाठीमागे ती बँक लुटली जाते, दरोडेखोरांना त्याचा नकळत हातभारही लागतो, आणि तो आंधळा दरोडेखोरांचाच पहारेकरी होता हे नंतर उघडकीस येते. या प्रसंगात क्लूझोचे कोठे चुकते हे नीट पाहण्यासारखे आहे. तो आळशी नाही, लाचखाऊ नाही, भित्रा तर मुळीच नाही; त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न नियमाला धरून आहे. डोळ्यांदेखत घडणारा गुन्हा वगळून सर्व गोष्टींकडे त्याचे लक्ष आहे. कलमावर बोट ठेवून बसलेला आणि खिडकीबाहेर न पाहणारा अंमलदार प्रत्येक देशात असतो, म्हणूनच हा प्रसंग भाषांतराविना सर्वत्र हसवतो.

क्लूझोच्या ओठांवरील ती भरघोस मिशी सेलर्स यांना इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या कॅप्टन वेब या वीराच्या, आगपेटीवर छापलेल्या चित्रावरून सुचली असे सांगतात. आख्यायिका असली तरी ती मार्मिक आहे. कारण क्लूझो स्वतःला आतून असाच एक पराक्रमी पुरुष समजतो. तो पायऱ्यांवरून कोसळतो, लिटनच्या बंगल्यातील पोहण्याच्या तलावात गाडीसकट बुडतो, आणि तेही एकदा सोडून दोनदा. परंतु उठताना त्याच्या मुद्रेवर शरमेचा अंशही नसतो. जे घडले ते आपल्या योजनेचाच भाग होते, अथवा दोष सर्वस्वी त्या पायरीचा होता, अशा गांभीर्याने तो कोट झटकतो. सामान्य विदूषक पडतो तेव्हा आपण त्याच्या पडण्याला हसतो, तर क्लूझोच्या बाबतीत खरे हसू येते ते तो उभा राहिल्यावर. सेलर्स यांनी त्याला दिलेले ते अगम्य फ्रेंच वळणाचे इंग्रजी घ्या. त्याच्या भोवतालची फ्रेंच माणसेसुद्धा गोंधळून पुन्हा विचारतात, आणि तो मात्र समोरचाच बहिरा असावा अशा नजरेने त्यांच्याकडे पाहतो.

पण या चित्रपटाचे श्रेय एकट्या फौजदाराला देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल, कारण त्याची अर्धी किमया चोराच्या बाजूस आहे. निव्हन यांच्या जागी आता क्रिस्टोफर प्लमर आले. त्यांचा सर चार्ल्स निवृत्त होऊन सुखाने राहत आहे. चोरी त्याने केलेलीच नाही, पण निशाणी त्याची असल्यामुळे संशय त्याच्यावर, आणि म्हणून खरा चोर शोधण्यासाठी तो स्वतः लुगाशला जातो. म्हणजे तपास करतो चोर, आणि तपासासाठी नेमलेला फौजदार चोराच्या पत्नीच्या पाठोपाठ स्वित्झर्लंडमधील ग्श्टाडच्या उंची हॉटेलात वेषांतरे करीत हिंडतो. मोरोक्कोत चित्रित झालेला लुगाशचा हा भाग जवळजवळ गंभीर साहसपटासारखा आहे. तेथे गुप्त पोलिसांचा कर्नल आहे, चोरीचे निमित्त साधून विरोधकांचा काटा काढू पाहणारे राजकारण आहे, आणि प्लमर एकाही वाक्यात प्रेक्षकांकडे डोळा मिचकावीत नाहीत. हा भाग कंटाळवाणा आहे अशी तक्रार अनेकांनी केली आहे. मला ती पटत नाही. पलीकडे एक मनुष्य प्राण पणाला लावून चोख काम करीत आहे हे ठाऊक असल्यामुळेच अलीकडच्या माणसाचा गोंधळ डोळ्यांत भरतो.

कसबी चोराविषयीचे हे कौतुक आपल्या परंपरेलाही परके नाही. शूद्रकाच्या आणि देवलांच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडताना ते कोणत्या आकाराचे शोभेल याचा शास्त्रोक्त विचार करतो आणि मापाचा दोरा विसरल्यामुळे गळ्यातील जानवे वापरतो. शर्विलकाच्या मागावर त्या नाटकाने एखादा क्लूझो सोडला नाही, इतकाच काय तो भेद.

सर चार्ल्सच्या पत्नीची, क्लॉडीनची भूमिका करणाऱ्या कॅथरीन शेल यांना काही दृश्यांत सेलर्ससमोर हसू आवरत नाही, हे चाणाक्ष प्रेक्षकाला स्पष्ट दिसते. एरवी असा तुकडा कात्रीखाली गेला असता. येथे मात्र एडवर्ड्स यांनी तो ठेवला, आणि तो शोभतोही, कारण कथेत त्या बाईला या फौजदाराची गंमतच वाटते आहे. हिरा तिनेच चोरला होता, वैवाहिक जीवनातील संथपणाला कंटाळून, हे पन्नास वर्षांनंतर सांगून टाकण्यास हरकत नसावी.

एडवर्ड्स यांच्या हास्यामागील यंत्रणाही थोडी उकलून पाहावी. लॉरेल आणि हार्डी यांचे ते भक्त. १९६५ चा 'द ग्रेट रेस' त्यांनी या जोडीलाच अर्पण केला होता. त्या मूकपटीय परंपरेचा नियम असा, की फजितीचे तुकडे करायचे नाहीत. रुंद पडद्यावर सारी खोली एका दृष्टिक्षेपात दाखवायची, कॅमेरा स्वस्थ ठेवायचा, आणि कोणत्या वस्तूपासून धोका आहे हे नटाआधी प्रेक्षकाला कळू द्यायचे. नंतर अनर्थ घडला की तेथे थांबायचे नाही. त्या अनर्थाच्या निवारणातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा निपजवायचा. ग्श्टाडच्या हॉटेलात सफाई कामगाराच्या वेषातील क्लूझो धूळ ओढणारे यंत्र चालवू जातो आणि ते यंत्र जे सापडेल ते गिळू लागते, पिंजऱ्यातील पाखरूसुद्धा. हा प्रसंग या पद्धतीचा उत्तम नमुना होय.

आणि ड्रेफस! हर्बर्ट लोम यांनी ही भूमिका अशा कमालीच्या आवरलेपणाने केली आहे की प्रथम केवळ पापणी फडफडते, मग हास्यात एक कंप येतो. पिस्तुलाच्या आकाराचा सिगारेट लायटर आणि खरे पिस्तूल यांची गल्लत होऊन त्याच्याच नाकावर बेतते, आणि अखेर तो क्लूझोचा खून करण्यास बंदूक घेऊन सरसावतो. नेम चुकून मरतो तो लुगाशचा कर्नल. परिणामी क्लूझोला बढती मिळते आणि ड्रेफसला वेड्यांच्या इस्पितळातील गादीच्या भिंतींची खोली. योग्य माणसाच्या पदरी अपयश आणि अयोग्याच्या पदरी बढती, ही तक्रार प्रत्येक कचेरीत ऐकू येते. परंतु तिचा शेवट इतक्या निर्दयपणे कोणी लिहिलेला नाही.

चित्रपटाने अमाप पैसा मिळवला आणि मग उत्तरभागांची रीघ लागली. १९७६ च्या भागात इस्पितळातून सुटलेला ड्रेफस जगाच्या नाशाची धमकी देतो. हसू येते, पण चोर गेल्यामुळे तोल ढळतो. १९७८ चा भाग त्याहून सैल. १९८० च्या जुलैत सेलर्स निवर्तले, तरी १९८२ साली त्यांच्या जुन्या, वगळलेल्या तुकड्यांना ठिगळे जोडून आणखी एक चित्रपट काढण्यात आला. त्यांच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि तो जिंकला. तो चित्रपट पाहिल्यास दावा कलाप्रेमींनी लावायला हवा होता असे वाटते.

पुढे २००६ साली स्टीव्ह मार्टिन यांनी क्लूझोचा पोशाख अंगावर चढवला, आणि २००९ च्या 'द पिंक पँथर २'मध्ये 'टॉर्नेडो' नावाचा चोर मॅग्ना कार्टापासून पोपच्या अंगठीपर्यंत जगातील अमोल ऐवज पळवू लागतो. त्याच्या शोधासाठी देशोदेशींच्या नामांकित गुप्तहेरांचे पथक नेमले जाते. आपल्या ऐश्वर्या राय बच्चन यात सोनिया या जाणकार तज्ज्ञ स्त्रीच्या भूमिकेत आहेत, आणि मुंबईच्या चित्रसृष्टीतील कलावतीला अशा पंक्तीत पाहून आपल्याकडे त्या चित्रपटाची थोडी चर्चाही झाली. मार्टिन हे थोर विनोदवीर, तेव्हा उणीव त्यांची म्हणता येत नाही. परंतु येथे सारेच गमतीदार होण्याच्या खटपटीत असतात. प्लमर यांच्यासारखा चोख, निर्विकार चोर त्यांच्या वाट्याला आलेला नाही, आणि क्लूझोसुद्धा आपण विनोदी आहोत हे जाणून असल्यासारखा वागतो.

तेव्हा या मालिकेतील एकच चित्रपट पाहण्याइतकी सवड असेल, तर वाचकांनी १९७५ चाच निवडावा. दोन पाहणे शक्य असेल तर त्याआधी 'अ शॉट इन द डार्क' पाहावा, आणि १९८२ च्या वाटेस मुळीच जाऊ नये.