कडेची धूळ

रामटेकहून रात्री नागपूरला निघालं की मनसरपाशी मोठा रस्ता लागतो. तिथून कामठीमार्गे शहरात शिरताना कधी दुभाजकाला खेटून रांगणारी, पिवळा दिवा फिरवत चाललेली रस्ता झाडणारी गाडी दिसते. मागचे हॉर्न वाजवतात. मी वेग कमी करतो, कारण आत बसलेला माणूस फार अवघड गाडी चालवत असतो.

ट्रक हाकणारा समोर बघतो, याला कडेला बघावं लागतं. गोल ब्रश कडेच्या दगडाला टेकला पाहिजे, पण घासून झिजता कामा नये. धूळ साचते ती कडेलाच. हातभर अंतर राहिलं तर फेरी वाया. म्हणून तासाला जेमतेम पाच-दहा किलोमीटर, तेही तासन्‌तास. ब्रश कचरा आत लोटतो, पंखा हवा ओढतो आणि नळातून सगळं टाकीत जातं. ब्रशपुढे पाण्याचा बारीक फवारा असतो. पाणी कमी पडलं तर धुरळा उडतो, जास्त झालं तर चिखल होऊन नळ तुंबतो. हे माप हाताला कळायला दिवस जातात.

अशी यंत्रं नवी नाहीत. मँचेस्टरमध्ये १८४०च्या दशकात जोसेफ व्हिटवर्थ यांनी घोड्याने ओढायचं झाडणयंत्र बनवलं. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारे इंजिनिअर ते हेच. आपल्याकडे अशा गाड्यांची गरज जास्त जाणवू लागली ती हवेतल्या धुळीमुळे. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला, त्यातल्या शहरांच्या यादीत नागपूरही आहे. वाहनांच्या चाकांनी पुन्हा पुन्हा उडणारी रस्त्यावरची धूळ हे शहरी हवा बिघडण्याचं मोठं कारण.

रामटेकच्या गडाच्या पायऱ्यांवर ही गाडी चढणार नाही. तिथल्याच अंबाळा तलावाकडच्या चिंचोळ्या वाटा, त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेनंतरच्या पत्रावळी आणि फुलं, हे खराट्याचंच काम. खराटा धरणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारी धूळ गाडीच्या टाकीत जाते, यासाठी मला हे यंत्र मोलाचं वाटतं. म्हणून जिथे गाडी पोचत नाही तिथल्या माणसाला निदान चांगला मास्क मिळायलाच हवा.

पाळी संपली तरी ड्रायव्हर सुटत नाही. टाकी उचलून रिकामी करायची: वाळू, पानं, टायरचे तुकडे. तळाशी बसलेला गाळ वाळून दगड होण्याआधी पाण्याने धुवायचा. मग ब्रशला गुंडाळलेले हारांचे दोरे सुरीने एकेक कापायचे.