गल्ली की कॉलनी? लेखांक ९ : पाणी कितीवर आलंय?

मिळकत पत्रिका आणि सात-बारा यांची गाठ या आठवड्यात सोडवून दाखवतो, असा शब्द दिला होता. तो आज मोडतोय. गडहिंग्लजहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय आणि तीन दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

पत्र कसं असावं याचा नमुनाच आहे. दोन्ही जागांचे नकाशे हातानं काढलेले, उत्तर दिशा दाखवलेली, पट्टीनं आखलेला समास. यजमानांना दर महिन्याला दवाखान्यासाठी कोल्हापूरला यावं लागतं, तेव्हा तिथलं घर विकून इकडंच यायचं ठरलंय. एक जागा शाहूपुरीत, तळमजल्यावरचा फ्लॅट. दुसरी पाचगावला, अडीच गुंठ्यांतला छोटा बंगला. किंमत जवळपास सारखी. मुलगा म्हणतो पाचगाव, हवा मोकळी आहे. यजमान म्हणतात शाहूपुरी, स्टँड जवळ, स्टेशन जवळ, दवाखाना जवळ आणि गुडघ्यांना जिना नको. बाई स्वतः काहीच म्हणत नाहीत. शेवटी फक्त विचारलंय, तुम्ही काय कराल?

पत्र वाचताना मीच खजील झालो. आठ आठवडे मी शाळा, रिक्षाभाडं, शेजार, तालमीचा दंगा असल्या गोष्टी चघळल्या आणि कोल्हापुरात घर घेताना जे सगळ्यात आधी बघायचं, त्याला हातच लावला नाही. ते म्हणजे उंची. या गावात लांब असं काही नाहीच. महापालिकेची सगळी हद्द ६७ चौरस किलोमीटरच्या आत, आणि १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाल्यापासून ती वाढलेली नाही. हद्दवाढीचं भांडण मात्र दरवर्षी वाढतं. पाचगाव हद्दीच्या बाहेर आहे खरं, पण तिथून महाद्वार रोडला यायला स्कूटरवर अर्धा तासही लागत नाही. इथली घरं एकमेकांपासून लांब नाहीत. ती वर-खाली आहेत.

जुलै-ऑगस्टात इथं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "पाणी कितीवर आलंय?" उत्तर फुटांत आणि इंचांत मिळतं. माप पंचगंगेवरच्या, कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याचं. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे पानटपरीवाल्यालाही पाठ असतं आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले हेही. २०१९ च्या ऑगस्टात पाणी साडेपंचावन्न फुटांवर गेलं. पुन्हा असं बघायला मिळणार नाही, असं म्हणेपर्यंत २०२१ च्या जुलैत ते ५६ फुटांच्या वर गेलं.

बाहेरच्या माणसाची इथं एक चूक होते. तो नदी बघतो. पंचगंगा घाट शाहूपुरीपासून बराच लांब, म्हणजे आपण सुरक्षित, असं त्याला वाटतं. पण पूर शाहूपुरीत नदीच्या बाजूनं येतच नाही, तो मागच्या दारानं येतो. दक्षिणेकडच्या चढावरून उतरणारा जयंती नाला शहराच्या पोटातून वाहत पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं तोंड बंद होतं. आतलं पाणी बाहेर जात नाही, उलट नदीचं पाणी नाल्यातून आत चढतं. म्हणून दसरा चौकाजवळचा सुतारवाडा दरवेळी आधी हलवावा लागतो आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या तोंडावर मूर्ती माळ्यावर चढवायची धांदल उडते. सगळी शाहूपुरी बुडत नाही, हेही सांगायला हवं. एका गल्लीत छातीएवढं पाणी आणि दोन गल्ल्या सोडून चहाची गाडी चालू, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

२०१९ साली त्याच भागातल्या एका मित्राचा फ्रिज आम्ही चौघांनी जिन्यावरून वर चढवला. पाणी पायरी-पायरीनं आमच्या मागून येत होतं. आवाज नाही, लाट नाही, दर वेळी वळून बघावं तर आणखी एक पायरी गेलेली. पुढं त्या घराला रंग लागला. आज तुम्ही बघायला गेलात तर घरमालक तुम्हाला पाण्याबद्दल अवाक्षर सांगणार नाही. पण भिंत सांगते. जिन्याच्या भिंतीला खांद्यापर्यंत नव्या फरशा आणि वर जुनाच रंग असेल, तर फरशी कशासाठी लावली ते विचारा. विजेचे मीटर डोळ्यांच्या उंचीवर असतात. ते हात वर करूनही पोचत नसतील, तर कुणीतरी एकदा ते पाण्यातून काढलेले आहेत. तळमजल्यावरच्या दारांच्या चौकटी बदलून लोखंडी केल्या असतील, तर लाकडाच्या कशानं कुजल्या? या तीन गोष्टी बघायला इंजिनिअर लागत नाही.

कागदावरही बघता येतं. नदीकाठच्या नकाशावर पूररेषा दोन असतात, निळी आणि लाल. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी. १०० वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. नदीपासून निळीपर्यंत बांधकामाला मनाई, निळी ते लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. घर लाल रेषेच्या आत आहे म्हटल्यावर एजंट म्हणतो, "अहो, शंभर वर्षांतून एकदाचं काय घेऊन बसलात!" त्याला हिशेब करून दाखवा. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक. वीस वर्षांचं गृहकर्ज काढलंत, तर हप्ते फिटायच्या आत तो पूर निदान एकदा घरात येण्याची शक्यता शंभरात अठरा. निळ्या रेषेवर हाच आकडा शंभरात छप्पन्न. आणि नदीनं हिशेब वाचलेला नसतो. २०१९ नंतर २०२१ यायला तिनं दोनच वर्षं घेतली.

मग शहाण्यासुरत्या माणसांनी तिथं वस्ती केलीच कशी? कारण ती वस्ती राहण्यासाठी नव्हती, व्यापारासाठी होती. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली. १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा बाजार तिथं उभा राहिला. रूळ सपाटीवरच येणार, आणि जिथं रूळ तिथं बाजार. त्याआधीचं गाव मात्र उंचवटा धरून होतं. अगदी पहिलं गाव तर नदीकाठी असूनही ब्रह्मपुरीच्या टेकडीवर. सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांच्या काळातली वस्ती उजेडात आली. याच टेकडीवर एक छोटीशी काशाची मूर्ती मिळाली, ती आपल्या टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मूर्ती पोसायडनची, ग्रीकांच्या जलदेवतेची! समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं, आणि पाण्याचा देव आमच्या घाटावर. पाहिली नसेल तर मुलांना घेऊन जा. लेखमालेशी संबंध नसला तरी जा.

आता जुन्या पेठांतल्या लोकांनी लगेच मिशीला पीळ देऊ नये. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ पुरात बहुतेक कोरड्या राहतात आणि नागाळा पार्कात, रमणमळ्यात बंगल्यांच्या फाटकांतून पाणी शिरतं, हे खरं. पण शुक्रवार पेठ आणि गंगावेशीचा खालचा भाग पेठांतच मोडतो, आणि तिथं नाव चालवावी लागते. शिवाय उंचावरच्या पेठांचं पाणी वेगळं आहे, ते खालून येतं. हे तळ्यांचं गाव. कपिलतीर्थावर आता भाजी मंडई आहे, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, पद्माळ्याची बाग झाली. कोटितीर्थ तेवढं अजून तळं आहे. तळी बुजवली तरी जमिनीचा उतार तिकडंच राहतो. एक जोराचा पाऊस झाला की गांधी मैदान आपलं जुनं नाव आठवून देतं. अशा जागेच्या आसपास जुनं घर घेताना हात भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर फिरवा. रंगाचे पोपडे आणि पांढरी पावडर हाताला लागली, तर ते तळं अजून मेलेलं नाही.

तर मग पाचगाव. आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव या माळावर पूर कधीच येणार नाही. पण तिथं पाणीही सुखासुखी येत नाही. खाली सगळा काळा पाषाण. बोअरचं पाणी खडकाच्या भेगेत असलं तर असतं, नाहीतर नारळ हातावर घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याची दक्षिणा आणि बोअरच्या गाडीचं बिल दोन्ही मातीत. नळ आहे का, हा प्रश्न तिथं विचारू नका. नळ सगळीकडं आहेत. पाणी किती दिवसांनी येतं आणि मे महिन्यात किती दिवसांनी, ते विचारा. घरमालकाला विचारण्यापेक्षा शेजारच्या गच्चीवर बघा. चार माणसांच्या घरावर दोन-दोन हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या असतील, तर उत्तर मिळालं.

हद्दीची एक गंमत सांगतो. पाणी योजना आखताना शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ लिटर. पाचगावचा बंगला दिसायला शहरी, संडास-बाथरूम शहरी, वॉशिंग मशीन शहरी, पण गाव ग्रामपंचायतीचं, म्हणून तहान ५५ लिटरची! हद्दवाढीला विरोध करणाऱ्या माझ्या गाववाल्या मित्रांना हा आकडा मी दरवेळी सांगतो. ते मला घरफाळ्याचा आकडा सांगतात. मग चहा येतो.

शहराच्या नळालाही फार डोक्यावर घ्यायला नको. २०१९ ला आणि २०२१ ला बालिंगा, शिंगणापूरचे उपसा पंप पुरात गेले आणि चहूकडं पाणी असताना घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहायची पाळी आली. शाहूपुरी, राजारामपुरी, मंगळवार पेठ, सगळे एका रांगेत. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडीची थेट पाइपलाइन पोचली, त्यानं नदीकाठच्या पंपांवरची भिस्त कमी झाली. पण पुराच्या दिवसांसाठी घरात साठवण हवी, हे पेठेतल्या माणसालाही चुकत नाही.

बाई, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून शाहूपुरीची जागा नाल्याच्या अंगाला येते. त्यात तळमजला. मी ती घेणार नाही, यजमानांच्या गुडघ्यांसाठीही नाही. जिना चढता येत नाही म्हणून तळमजला घ्यायचा आणि मध्यरात्री बोटीत चढायची वेळ आणायची, हे मला पटत नाही. पाचगाव घ्या. अंगणात जमिनीखाली दहा हजार लिटरची टाकी बांधा आणि तिचा खर्च बंगल्याच्या किमतीतच धरा. दोन माणसांना शहरी हिशेबानं दिवसाला २७० लिटर लागतात. पाच हजार लिटरचा एक टँकर अठरा दिवस पुरतो. दवाखान्याला रिक्षानं जाल, ते भाडं माळावरच्या हवेत वसूल होईल. मुलाचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याचं कारण चुकीचं आहे, एवढं त्याला सांगा.

बाकी वाचकांना एक काम. तुमच्या भिंतीवर २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुराची खूण राहिली असेल, तर रस्त्यापासून तिची उंची टेपनं मोजा आणि गल्लीचं नाव, साल आणि इंच एवढंच एका कार्डावर लिहून पाठवा. घरमालकाचं नाव नको. पुरेशी कार्डं जमली, तर गल्लीवार यादी इथंच छापू.

आणि बाई, अडीच गुंठे म्हटलं की माझे कान टवकारतात. तो तुकडा रीतसर एन.ए. आहे, की गुंठेवारीतला, की कुणाच्या तरी सात-बाऱ्यावर नुसतं नाव चढवलेला, ते तुमच्या पत्रात नाही. त्याचं सगळं पुढच्या गुरुवारी. तोवर विसार देऊ नका.