मुलगा की मुलगी, हे ठरवायचे कोणी?

बाळ जन्माला आले की घरात पहिला प्रश्न एकच विचारला जातो. अकीक्याला दोन बकरे की एक, नाव कोणते, नानीने आणलेली झबली कुठल्या रंगाची, सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. पण क्वचित एखाद्या घरी डॉक्टर म्हणतात, "आत्ताच सांगता येत नाही, तपासण्या कराव्या लागतील." मग घर गप्प होते. दाराशी आलेल्या शेजारणीला काय सांगायचे, याचीच चिंता आधी लागते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वडीलधारे हळूच विचारतात, "ऑपरेशन करून मुलगा करता येईल का?"

अशा बाळांना आज इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतात. आपल्या फिकहच्या किताबांत त्यांना खुन्सा म्हटले आहे, आणि ज्याचा निर्णय लागत नाही त्याला खुन्सा मुश्किल. हनफी फिकहच्या 'हिदाया' या मशहूर किताबात तर त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. ज्या गोष्टीबद्दल आपण कुजबुजतो, तिच्यावर आपल्या बुजुर्गांनी उघडपणे, बारकाईने लिहून ठेवले आहे.

इब्न हिशाम यांच्या सीरतमध्ये इस्लामपूर्व काळातला एक किस्सा येतो. आमिर बिन जरिब हा अरबांचा मोठा न्यायनिवाडा करणारा. त्याच्यापुढे एका खुन्साच्या वारशाचा पेच आला आणि त्याची रात्र जागून गेली. त्याच्या बकऱ्या राखणाऱ्या सुखैला नावाच्या दासीने, जिला तो एरवी उशिरा येण्यावरून टोमणे मारी, सरळ तोड सांगितली: लघवी कुठल्या मार्गाने होते ते पाहा. पुढे फुकहांनीही हीच पहिली खूण मानली. दोन्ही मार्गांनी होत असेल तर आधी कुठून, हे पाहावे. तेही सारखेच असेल तर? इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, प्रमाण पाहा. इमाम अबू हनीफांनी मात्र प्रमाणावरून निकाल द्यायला नकार दिला. इतका मोठा इमाम इथे थांबला, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. मग बाळ वयात येईपर्यंत वाट पाहायची: दाढी फुटते का, हैज येतो का, छाती वाढते का. आणि शाफई मजहबात, ज्याला आपले कोकणी मुस्लिम मानतात, बाकी खुणांनी काहीच ठरत नसेल तर वयात आलेल्या त्या व्यक्तीचा स्वतःचा कल विचारला जातो.

या साऱ्यात आई-बापाची पसंती कुठेही नाही. खूण शोधायची, खूण नसेल तर थांबायचे. तोवर नमाजेत त्याची जागा पुरुषांच्या मागे आणि स्त्रियांच्या पुढे. म्हणजे जमातीतून त्याला कुणी बाहेर काढलेले नाही. पसंतीला वाव न ठेवण्यामागे शहाणपण आहे. वारशात मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट, शिवाय मुलाचा हव्यास आपल्याही घरांत आहे. निवड पालकांच्या हाती दिली, तर ती बाळाच्या शरीराकडे पाहून होईल की शेतीच्या सातबाऱ्याकडे पाहून?

वैद्यकशास्त्रही ठेच खाऊन इथे पोहोचले आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे जॉन मनी यांचे मत होते की लहानपणी शस्त्रक्रिया करून जसे वाढवाल तसे मूल घडते. डेव्हिड रायमर हा जन्माने मुलगाच होता, आंतरलिंगी नव्हता. सुंतेच्या वेळी झालेल्या अपघातानंतर १९६७ साली त्याला मुलगी करून वाढवले गेले. ते त्याने कधी स्वीकारले नाही, किशोरवयात तो पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला आणि २००४ साली त्याने आत्महत्या केली. २००५ साली शिकागो येथे तज्ज्ञांनी एकत्र येऊन केलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात: तपासण्यांनंतर बाळाला मुलगा किंवा मुलगी म्हणून वाढवावे, पण शस्त्रक्रियेबाबत सावध राहावे.

घाई मात्र एका बाबतीत करायलाच हवी. बाळाचे अवयव संदिग्ध दिसण्याचे एक मोठे कारण म्हणजे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार. यात मुलीच्या शरीरात पुरुषी हार्मोन जादा तयार होतात. आत गर्भाशय, बीजांडे व्यवस्थित असतात, पण बाहेरून ती मुलासारखी दिसू शकते. तिला मुलगा समजून नाव ठेवले, तर पुढे केवढा घोळ! त्याहून गंभीर म्हणजे या आजारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शरीरातले मीठ घटून उलट्या, सुस्ती सुरू होते आणि बाळ दगावू शकते. औषध आहे, ते रोज घ्यावे लागते. लाजेपायी बाळाला दवाखान्यातून घाईने घरी नेणे म्हणूनच जिवावर बेतते. हा आजार आई-बाप दोघांकडून येतो, प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांतला निकाह शरीअतने जायज ठेवला आहे, वाजिब केलेला नाही, हे बोलून टाकलेले बरे.

ऑपरेशन हराम आहे का, असा प्रश्न वाचक विचारतील. मक्केतील इस्लामी फिकह परिषदेने १९८९ साली ठरवले की ज्याच्यात दोन्ही खुणा आहेत, त्याच्यात जी बाजू प्रबळ आहे तिच्यानुसार उपचार करून संदिग्धता दूर करणे जायज आहे. ज्याचे अवयव पूर्ण आहेत त्याने बदल करणे मात्र जायज नाही. पण परवानगी आणि घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवी अडत असेल, जिवाला धोका असेल तर शस्त्रक्रिया करावीच. केवळ दिसायला 'नीट' व्हावे म्हणून तान्ह्या बाळाचा अवयव कापला, तर तो परत येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये म्हटले की अशा वेळी पालकांची संमती ही बाळाची संमती धरता येणार नाही. त्यानंतर तामिळनाडू सरकारने जीव धोक्यात नसताना अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली.

तेव्हा आमचे मत असे: डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांना विचारून बाळाला मुलगा किंवा मुलगी म्हणून वाढवावे, कारण मदरशात, शाळेत, घरात त्याला काहीतरी म्हणावे लागतेच. पण जे पुन्हा उलटवता येणार नाही, ते त्याच्यासाठी राखून ठेवावे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, तरी नाव नंतर घालता येते. शमीम, नसीम, फरहत, इस्मत ही नावे तर आपल्यात दोघांनाही ठेवतात. अकीक्याचे म्हणाल, तर मुलासाठी एक बकरा केला तरी अकीका होतो, असे उलेमा सांगतात. तपासण्यांचे सगळे कागद जपून ठेवावेत. दहाव्या-बाराव्या वर्षी डॉक्टर ते पुन्हा मागतील, आणि मूलही विचारेल की दर महिन्याला आपल्यालाच का दवाखान्यात नेतात. त्याचे उत्तर त्याला अम्मीकडून मिळावे, चुलत भावंडांच्या चिडवण्यातून नव्हे.