मॅनिफोल्डची गळती सिलिकॉननं थांबत नाही

"भाऊ, टॅपेट वाजून राह्यले, सेट करून द्या." चिखलदऱ्याचा घाट चढून-उतरून आलेली जुनी पेट्रोल जीप अमरावतीत माझ्या गॅरेजला लागली, की मालक हेच सांगतो. मी आधी मॅनिफोल्डचा जोड पाहतो. इंजिन थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर गप्प, म्हणजे बहुधा एक्झॉस्टचं पॅकिंग गेलं. लोखंड तापून फुगतं, फट बुजते, आवाज थांबतो. जोडावर काजळीची रेघ असली, की खात्रीच.

महिंद्रानं १९४७ पासून विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. त्या जीपांत पुढं आलेल्या हरिकेन इंजिनात एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये आहेत. म्हणून मॅनिफोल्डही ब्लॉकलाच बसतो. हेड न खोलता काम होतं, पण गंजलेला स्टड मोडला तर तो ब्लॉकमध्येच अडकतो. मी नटांवर जोर करत नाही. रात्रभर तेल मुरू देतो, तरीही नाही हलला तर गॅसवर तापवून मागे-पुढे करत काढतो.

खरं काम पुढं आहे. मॅनिफोल्डच्या तोंडांवर पोलादी पट्टी आडवी धरायची आणि खाली फिलर गेज सरकवायचा. वर्षानुवर्षं तापून-निवून बीड वाकतं. टोकाला पाती सहज आत जाते. तेव्हा लेथवाल्याकडून सरफेस मारून आणण्याला पर्याय नाही. हा खर्च वाचवायला लोक लाल सिलिकॉन थापतात. ते साधारण ३०० अंशांपर्यंत टिकतं. चढावर मॅनिफोल्ड त्याहून बराच तापतो. सिलिकॉन जळून झडतं, आणि पुन्हा टिकटिक.

जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, हवा मारून उडवू नका. ओलं करूनच काढा.

नवीन पॅकिंग बसवताना नट मधून सुरू करून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं आवळायचे. अंगातला जोर लावून आवळलं, तर तापलेल्या बिडाला सरकायला जागा उरत नाही आणि ते तडकतं. इंजिन एकदा तापवून पूर्ण थंड झालं, की नट पुन्हा तपासायचे.

या गळक्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. जीपच्या पेडलांच्या भोकांतून तो आत येतो, आणि पावसाळ्यात आपण ताडपत्रीचे पडदे पाडून पोराबाळांना घेऊन घाट चढतो. टिकटिक ऐकू आली, तर कृपा करून आधी जोड दाखवा, मग गाडी घाटात घाला.