घरच्या ध्वनिसंचातील पुढील सुधारणा : एक ध्वनिवैज्ञानिक विचार

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी प्रयोगशाळा नेहमीच मोकळी मिळते असे नाही. क्षेत्रपाहणीतून आणलेल्या मुद्रणांचे ध्वनिलेखन बहुधा घरीच, रात्रीच्या निवांत वेळी होते. आणि ज्या संचावर घरची मंडळी नाट्यगीते किंवा अभंग ऐकतात, त्याच संचावर होते. त्यामुळे या संचात पुढील सुधारणा कोणती करावी, हा प्रश्न आपल्यापुरता केवळ हौसेचा राहत नाही. हाती थोडी रक्कम आली की सहकारी व विद्यार्थी तो विचारतात, आणि बहुधा असा विचारतात : ॲम्प्लिफायर बदलावा की स्पीकर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

आरंभी परिभाषेविषयी एक खुलासा करणे इष्ट होईल. ‘ध्वनिवर्धक’ हा शब्द मराठीत विद्युत्-संकेत वाढविणाऱ्या यंत्रालाही लावतात आणि मंडपातील कर्ण्यालाही. हे दोन घटक वेगळे ठेवणे हाच येथे मुख्य मुद्दा असल्यामुळे ॲम्प्लिफायर व स्पीकर हे रूढ शब्दच पुढे वापरले आहेत. ध्वनिसंच म्हणजे चार कड्यांची साखळी होय. पहिली कडी उगमाची. तीत तबकडी, फीत, सीडी किंवा संगणक येतो. दुसरी ॲम्प्लिफायरची, तिसरी स्पीकरची, आणि चौथी, जिची पावती कोणी देत नाही ती, खोलीची. साखळीचे सामर्थ्य तिच्या दुबळ्या कडीइतके असते. म्हणून पुढील सुधारणा त्या कडीतच करावी. ती कडी ओळखावी कशी, एवढाच प्रश्न उरतो.

२. एका चुकीची हकीकत

या प्रश्नाचे महत्त्व प्रस्तुत लेखकास एका चुकीतून कळले. पैठण तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या बोलीचे ध्वनिलेखन करताना ‘पाठ’, ‘गाठ’, ‘काठ’ यांसारख्या शब्दांतील अंत्य महाप्राण ऐकू येईना. निष्कर्ष मोठा मोहक होता. हिंदीत ‘हाथ’, ‘भूख’, ‘भीख’ असताना मराठीने ‘हात’, ‘भूक’, ‘भीक’ अशी अल्पप्राण रूपे केव्हाच स्वीकारली आहेत. तीच प्रवृत्ती या बोलीत आणखी एक पाऊल पुढे गेली असावी, असे वाटले. खात्री करून घेण्यासाठी अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर विकत घेतला. आवाज मोठा झाला. महाप्राण मात्र आला नाही, आणि निष्कर्ष पक्का झाला.

पुढे एका विद्यार्थ्याने तेच मुद्रण हेडफोन लावून ऐकले आणि नम्रपणे सांगितले, “सर, ठ स्पष्ट आहे.” तो होताच. ज्या निबंधात हा महाप्राणलोप मांडावयाचा होता, तो सुदैवाने टपालात पडला नव्हता. निवेदक गृहस्थ तोपर्यंत निवर्तले होते. त्यांना पुन्हा विचारण्याची सोय उरली नव्हती. त्यांच्या उच्चाराचा पुरावा म्हणून ते एक मुद्रणच शिल्लक होते, आणि दोष बोलीत नसून ते ऐकण्याच्या खोलीत होता.

३. दुबळी कडी कशी ओळखावी

आपल्या शास्त्रात दोन ध्वनी स्वतंत्र वर्ण आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी आपण लघुतम युग्मे घेतो : बाकी सर्व समान ठेवून एकच घटक बदलतो. ध्वनिसंचाची परीक्षाही याच पद्धतीने करता येते. स्वच्छ मराठी उच्चाराच्या माणसाकडून काही युग्मे चांगल्या यंत्रावर मुद्रित करून घ्यावीत : काल–काळ, साल–शाल, विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ याचे आज्ञार्थी ‘जग’, संख्यावाचक ‘चार’ आणि गुरांना ‘चार’, तसेच पाट–पाठ. ही युग्मे सुटी ऐकावीत, तशीच सलग वाक्यांतही ऐकावीत.

प्रत्येक युग्म संचाचे निराळे अंग तपासते. काल–काळ यांतील भेद मध्यम वारंवारतेच्या पट्ट्यात मोडत असल्याने साध्या संचावरही टिकतो. ‘स’ मधील घर्षणाची ऊर्जा मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असते, ‘श’ मधील ती त्याहून बरीच खाली सुरू होते. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. म्हणूनच तेथे नावातील स व श यांची गल्लत होई. ‘जग’ व ‘चार’ यांतील दंत्य व तालव्य उच्चारांचा भेदही याच वरच्या पट्ट्यावर अवलंबून असतो. आता, काल–काळ स्पष्ट असून साल–शाल पुसट असेल, तर स्पीकर किंवा उगम वरचे स्वर गमावीत आहे. साल–शाल स्पष्ट असून सलग बोलण्यातील पाट–पाठ मात्र वेगळे कळत नसेल, तर संशयित खोली होय. कारण अंत्य महाप्राणाचा क्षीण श्वास आधीच्या स्वराच्या रेंगाळणाऱ्या निनादात बुडतो. हेडफोनवर सर्व काही स्पष्ट ऐकू आले, तर उगम निर्दोष आहे असे समजावे.

नवे यंत्र पारखून घेताना दोन पथ्ये पाळावीत. एक, दोन्ही यंत्रांचा आवाज समान पातळीवर आणावा. कारण १ डेसिबलइतका फरकही कानास ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुसरे, कोणते यंत्र चालू आहे हे आपणास ठाऊक नसावे. घरातील दुसऱ्या माणसाने ते बदलावे. दहा वेळांपैकी किमान नऊ वेळा आपण बरोबर ओळखले, तर फरक खरा मानावा. निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता सुमारे १ टक्का आहे. ही परीक्षा न देता केलेली खरेदी बहुधा जाहिरातीच्या भरवशावर केलेली असते.

संगीतासाठी अशीच एक कसोटी तंबोऱ्याची आहे. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठामुळे व जवारीच्या दोऱ्यामुळे तंबोऱ्यात उपस्वरांची जी समृद्धी उत्पन्न होते, तिचा विचार चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात केला होता. मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्याची जवारी ज्या संचावर केवळ गुणगुणीसारखी ऐकू येते, त्या संचाचा वरचा पट्टा दुबळा आहे असे समजण्यास हरकत नाही.

४. खोली

मराठवाड्यातील सामान्य घराची बैठकीची खोली घेऊ : लांबी ३.६ मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी ३ मीटर, खाली शहाबादी फरशी, वर काँक्रीटचा स्लॅब, भिंतींना गिलावा. घनफळ ३२.४ घनमीटर आणि सर्व पृष्ठांचे क्षेत्रफळ ६१.२ चौरस मीटर भरते. अशी कठीण पृष्ठे आवाजाचा सुमारे ३ टक्केच अंश शोषून घेतात. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाच्या सदोष श्रवणाचा अभ्यास १८९५ पासून करताना वॉलेस सॅबिन यांनी जे सूत्र शोधले, त्यानुसार निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. आपल्या जवळजवळ रिकाम्या खोलीत तो सुमारे २.८ सेकंद येतो. त्याच खोलीत १० चौरस मीटर पृष्ठभाग अर्धा आवाज शोषणाऱ्या वस्तूंनी झाकला, तर तो ०.८ सेकंदावर उतरतो. हा फरक कोणताही ॲम्प्लिफायर देऊ शकत नाही.

निनादाचा अनुभव घ्यावयाचा असेल तर वेरूळच्या १० क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात जावे. तेथील कमानदार चैत्यगृहात एक दीर्घ स्वर लावला की तो रेंगाळतो आणि मनास विलक्षण शांतता देतो. तेथेच भरभर बोलू लागल्यास शब्द एकमेकांत मिसळतात. स्तोत्रास जे उपकारक, तेच ध्वनिलेखनास अपकारक ठरते.

उपाय स्वस्त आहेत. पुस्तकांनी भरलेली मांडणी, गादी, जाड सतरंजी आणि भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगलेली गोधडी पुष्कळ काम करते. आपल्या शहराच्या हिमरूचा पडदा दिसावयास सुंदर खरा. पण पातळ वस्त्र आवाज फारसा शोषीत नाही, आणि या कामी जाडी महत्त्वाची असते. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात किंवा कोपऱ्यात ठेवू नयेत. तेथे खालचे स्वर फुगतात. दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण होईल अशी मांडणी करावी. १९३१ साली ॲलन ब्लूमलीन यांनी ज्या द्विमार्गी ध्वनीचे एकस्व मागितले, त्याचा लाभ अशा मांडणीतच मिळतो. वरील खोलीत रुंदी व उंची समान असल्याने दोन्ही दिशांचा अनुनाद ५७ हर्ट्झच्या आसपास एकत्र येतो. म्हणून डग्ग्याचा एखादा स्वर घुमत असेल तर स्पीकरला दोष देण्यापूर्वी बैठकीची जागा दोन हात सरकवून पाहावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पंखा व कूलर अखंड चालू असतात. त्यांची सरसर नेमकी घर्षक ध्वनी व महाप्राण यांच्यावरच पांघरूण घालते. ध्वनिलेखनासाठी पहाटेची वेळ निवडणे ही बिनखर्चाची सुधारणा होय.

५. स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि तारा

खोली सुधारल्यावरही उणीव राहिली तर खर्च स्पीकरवर करावा. विजेच्या संकेताचे हवेच्या हालचालीत रूपांतर करणे हे या साखळीतील सर्वांत कठीण काम आहे. बऱ्या ॲम्प्लिफायरमधील विकृती एका टक्क्याच्या दशांशाहून कमी असते. स्पीकरमधील ती, विशेषतः खालच्या स्वरांत, कित्येक टक्क्यांपर्यंत जाते.

ॲम्प्लिफायरची शक्ती ही फसवी संख्या आहे. ३० वॅटऐवजी ६० वॅट घेतल्याने केवळ ३ डेसिबलची वाढ होते. कानास आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे ३०० वॅट लागतील. उलटपक्षी, १ वॅटला ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी ९० डेसिबल देणारा स्पीकर आणला, तर ३० वॅटचे काम १२० वॅटइतके होते. तेव्हा मोठ्या आवाजात ॲम्प्लिफायर फाटू लागत असेल, किंवा निवडलेला स्पीकर त्यास पेलत नसेल, तेव्हाच तो बदलावा. हळू आवाजात खालचे स्वर कमी भासतात, हा मात्र संचाचा दोष नव्हे; तो मानवी कानाचा धर्म आहे, आणि फ्लेचर व मन्सन यांनी तो १९३३ साली आलेखांनी दाखविला आहे.

तारांविषयी गणितच पुरेसे आहे. घरच्या वीजजोडणीत वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर अंतरासाठी घेतली, तर जाण्यायेण्याच्या १० मीटरचा रोध सुमारे ०.११ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा दीड टक्काही नाही. महागड्या तारेचे पैसे गोधडीस किंवा पुस्तकांस लावावेत.

६. उगम

उगमाचा विचार आपल्या अभ्यासकांनी अधिक काळजीने करावा. कारण मुद्रणात जे उतरलेच नाही ते कोणत्याही स्पीकरमधून बाहेर येणार नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्या पाहणीस पूरक अशा बोलींच्या तबकड्या मुद्रित करण्यात आल्या. त्या कामाचा आरंभ १९२५ च्या सुमारास रूढ झालेल्या विद्युत्-मुद्रणाच्या पूर्वीचा आहे. भोंग्यात बोलून कोरलेल्या तबकडीवर सुमारे २,५०० हर्ट्झच्या वरचा भाग फारसा येत नसे. अशा तबकडीवरून स व श यांच्याविषयी निर्णय देणे धाडसाचे होईल. त्यासाठी संच बदलणे हा निव्वळ अपव्यय आहे.

ज्यांच्या घरी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्यांच्या खोबणीस सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सूक्ष्म सुई त्या खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढविते. येथे योग्य सुई हीच पुढील सुधारणा. कॅसेटच्या बाबतीत हेडची स्वच्छता आणि त्याचा फितीशी काटकोन या दोन गोष्टी पाहाव्यात. एका बारीक स्क्रूने तो कोन जुळविला की बुजलेले वरचे स्वर अनेकदा परत येतात. १९८० च्या दशकात क्षेत्रपाहणीत भरलेल्या कॅसेट कपाटांत पडून आहेत. त्या संगणकावर उतरविण्यापूर्वी हे न केल्यास बोलीचा महाप्राण कायमचा हरवलेला राहील. सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात व २०,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा टिकतो. श्रवणासाठी तेवढे पुरते, तेथे अधिक आकड्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून सुधारणेचा क्रम असा निघतो : प्रथम उगमाची दुरुस्ती, कारण ती स्वस्त असून तिच्यावाचून बाकी सर्व व्यर्थ आहे; नंतर खोली व मांडणी; त्यानंतर स्पीकर; गरज सिद्ध झाल्यासच ॲम्प्लिफायर; आणि तारा सर्वांत शेवटी. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने चांगला हेडफोन घ्यावा. त्यामुळे खोलीची कडीच साखळीतून वगळली जाते. मात्र त्यावर संगीताचा पट समोर न उलगडता डोक्यातच साकारतो, ही त्याची मर्यादा आहे.

संगीत ऐकताना संचाने फसविले तर आनंद थोडा उणावतो, इतकेच. बोली ऐकताना फसविले, तर जी माणसे आता आपली बाजू सांगावयास नाहीत त्यांच्या तोंडी आपण न केलेले उच्चार घालतो. पैठणच्या त्या वृद्धाचा ‘ठ’ आता टिपणवहीत जागच्या जागी आहे. तो मोठा ॲम्प्लिफायर कपाटात आहे, आणि बैठकीच्या भिंतीवर एक जुनी गोधडी टांगलेली आहे.