गुग्गुळ आणि माळढोक

धूपदानीतला किंवा औषधाच्या गोळीतला गुग्गुळ आपल्या घरांना परका नाही. परंतु तो देणारे काटेरी, बारीक तांबूस फुलांचे झुडूप फारच थोड्यांनी पाहिले असेल. कच्छच्या रुक्ष भूमीत ते वाढते. तेथीलच गवताळ माळ हे माळढोकाचे, म्हणजे गुजरातीतील घोराडाचे, वसतिस्थान.

वर्गीकरणात दोघांचे काहीच नाते नाही. एक वनस्पतिसृष्टीतील, आंब्याच्या गणातील; दुसरा प्राणिसृष्टीतील, बहुधा एका वेळी एकच अंडे घालणारा पक्षी. तथापि आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत दोघेही ‘अतिसंकटग्रस्त’ ठरले आहेत. माळढोक २०११ साली, गुग्गुळ २०१५ साली. रानातून नामशेष होण्यापूर्वीची ही शेवटची पायरी होय.

माळढोकाला शिकार, आक्रसलेली माळराने आणि विजेच्या तारा भोवल्या. गुग्गुळाला त्याचा डिंकच. अधिक डिंकासाठी सालीवर खोल घाव घालून रसायने लावली, की झुडूप पुढे वाळून जाते.

माळढोक वाचविणे आपल्या हाती थोडेच आहे. गुग्गुळाचे गिऱ्हाईक मात्र आपणच आहोत. तेव्हा पुढची पुडी घेताना तो लागवडीचा की रानातून ओरबाडलेला, एवढे तरी दुकानदारास विचारावे, असे आम्हांस वाटते.