धुलाईयंत्रातील गरम साबणपाण्याचा पुनरुपयोग

धुलाईयंत्राच्या खर्चाचा विचार करताना मोटरला लागणारी वीज तेवढी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः जेथे गरम पाण्याने कपडे धुण्याची रीत आहे, तेथे यंत्र फिरविण्यापेक्षा पाणी तापविण्यासच कितीतरी अधिक ऊर्जा लागते. ही ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील काही स्वयंचलित यंत्रांत ‘सड्स-सेव्हर’, म्हणजे साबणपाणी राखून ठेवणारी योजना, बसविलेली असे. ही योजना कशी चाले, तिने नेमके काय वाचे आणि ती मागे का पडली, हे पाहणे उद्बोधक आहे.

या योजनेमागील कल्पना नवी नव्हती. रुळांच्या पिळणीच्या जुन्या यंत्रात टब एकदाच गरम पाण्याने भरीत आणि त्याच पाण्यात कपड्यांच्या अनेक खेपा धूत. प्रथम पांढरे कपडे, नंतर रंगीत आणि शेवटी कामावरचे मळकट कपडे, असा क्रम ठरलेला असे. १९३७ साली बेंडिक्सचे घरगुती स्वयंचलित यंत्र पुढे आले आणि त्यानंतर अशा यंत्रांचा प्रसार झाला. स्वयंचलित यंत्र प्रत्येक खेपेचे पाणी आपोआप सोडून देई. श्रम वाचले, परंतु जुनी काटकसर मोडली. साबणपाणी राखण्याची योजना ही त्या काटकसरीची यंत्राशी घातलेली सांगड होय.

व्हर्लपूल, केनमोर इत्यादी नावांच्या, वरून कपडे घालावयाच्या यंत्रांच्या काही नमुन्यांत ही सोय मिळे. तिच्यासाठी यंत्राशेजारी धुण्याचे जोडटब असणे आवश्यक असे. पहिल्या खेपेचे धुणे संपताच पंप ते साबणपाणी बूच लावलेल्या एका टबात सोडी. खळबळण्याचे पाणी मात्र निराळ्या वाटेने मोरीत जाई. टबातील पाणी स्थिर राहिल्याने जड माती तळाशी बसे. पुढील खेपेच्या वेळी तेच पाणी पंपाच्या साहाय्याने यंत्रात परत ओढले जाई. तळचे थोडे पाणी गाळासह टबातच राहू देत. जी तूट येई ती ताज्या गरम पाण्याने भरून काढीत आणि थोडा साबण वाढवीत.

वाचणाऱ्या उष्णतेचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. एका खेपेस १६ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ६० लिटर पाणी लागते व ते १५ अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापवावयाचे आहे, असे समजू. त्यास २,७०० किलोकॅलरी, म्हणजे विजेची सुमारे ३.१ युनिटे लागतील. कपड्यांत मुरलेले व तळाशी सोडलेले पाणी वजा जाता ५४ लिटर परत आले आणि दरम्यान ते ४५ अंशांपर्यंत निवले, असे धरल्यास त्यात १,६२० किलोकॅलरी शिल्लक राहतात. म्हणजे मूळ उष्णतेचा सुमारे तीनपंचमांश भाग हाती लागतो. त्यात ६० अंशांचे ६ लिटर पाणी मिसळले तर दुसऱ्या खेपेचे पाणी ४६ ते ४७ अंशांवर येते. रंगीत कपड्यांना हे तापमान पुरते. पाणी निवत जाण्याचा क्रम आणि कपड्यांचा जुना क्रम यांचा असा मेळ बसे.

साबणाच्या दृष्टीनेही लाभ होता. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग होऊन साबणाचा काही भाग प्रथमच निकामी होतो. राखलेल्या पाण्यात ही किंमत पहिल्या खेपेनेच चुकती केलेली असल्याने दुसऱ्या खेपेस घातलेला साबण अधिक प्रमाणात कामी येई. ज्या घरांना विहिरीचे पाणी व मैलाटाकी यांवर अवलंबून राहावे लागे, तेथे सांडपाणी कमी होणे हाही मोठाच फायदा होता.

तथापि योजनेच्या मर्यादा तिच्या स्वरूपातच होत्या. सर्वांत मळकट कपड्यांच्या वाट्याला सर्वांत निवलेले व सर्वांत मळलेले पाणी येई. पाण्यात तरंगणारा मळ पुन्हा कापडावर बसण्याचा धोका असे. डिटर्जंटमधील कार्बॉक्सिमेथिल सेल्युलोजसारखी द्रव्ये तो कमी करीत, पण नाहीसा करीत नसत. याखेरीज बूच लावणे, टबातील गाळ धुऊन काढणे आणि पाणी फार निवण्यापूर्वी दुसरी खेप घालणे ही कामे माणसासच करावी लागत. स्वयंचलित यंत्राने गृहिणीला यंत्रापासून दूर जाण्याची मोकळीक दिली होती; या योजनेने तिला पुन्हा यंत्रापाशी बोलावले.

पुढे योजनेचा आधारच ढासळला. धुण्याची जागा तळघरातून घराच्या वरच्या भागात आली आणि जोडटब गेले. विकरयुक्त डिटर्जंटमुळे कोमट वा थंड पाण्यात कपडे निघू लागले. पुढून उघडणाऱ्या यंत्रांनी पाण्याची गरजच घटविली. वापरलेले पुन्हा वापरण्यापेक्षा मुळातच कमी वापरणे सोयीचे ठरले.

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत दोन टबांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात एकाच साबणपाण्यात दोन-तीन खेपा धुतात. रीत तीच, परंतु येथील पाणी बहुधा थंड असल्याने वाचते ती उष्णता नव्हे, तर पाणी आणि पावडर. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काटकसरीच्या कोणत्याही योजनेचे मूल्य ठरविताना ती काय राखते एवढेच पाहून भागत नाही. राखलेल्या वस्तूवर प्रत्यक्षात किती खर्च झालेला आहे आणि ती राखण्यास किती श्रम पडतात, हेही मोजावे लागते.